कंट्रोल मर्यादेत होते: साशंक मनाने घेतलेल्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

एका रुग्णालयाशी जोडलेल्या प्रयोगशाळेच्या जीवरसायन विभागात हे प्रकरण घडले. संबंधित विभागप्रमुखांच्या संमतीने ते येथे मांडत आहे. व्यक्ती आणि संस्था ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, काही गाळले आहेत. घटना घडत असताना मी तेथे नव्हतो. नंतर झालेल्या गुणवत्ता-आढाव्यासाठी मला बाहेरून बोलावण्यात आले, तेव्हा मी सर्व कागदपत्रे पाहिली, विभागप्रमुखांची रोजची टिपणवही वाचली आणि विभागातील बहुतेकांशी एकेकट्याने बोललो. आढाव्याचा विषय पोटॅशियमच्या चुकीच्या अहवालांचा होता. मात्र ती वही वाचताना मला सतत जाणवत राहिले की, आपण या पदाला योग्य आहोत की नाही याची खात्री नसलेली एक व्यक्ती, समोरच्या माहितीचीही खात्री नसताना, अकरा जणांना घेऊन कशी पुढे गेली, हाही तितकाच अभ्यासाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

चौदा वर्षे विभाग सांभाळणारे आधीचे प्रमुख प्रकृतीच्या कारणाने अचानक निवृत्त झाले. कामकाज समजावून देण्यासाठी किमान एखादा महिना मिळायला हवा होता. प्रत्यक्षात चार दिवस मिळाले. विभागातील सर्वांत ज्येष्ठ तंत्रज्ञांना वीस वर्षांहून अधिक अनुभव होता, परंतु पदासाठी लागणारी पदव्युत्तर पात्रता त्यांच्याकडे नव्हती. ती असलेल्या आणि सहा वर्षांपासून विभागात काम करणाऱ्या एका सहकारी महिलेकडे प्रभारी विभागप्रमुखपद आले. याच ज्येष्ठ तंत्रज्ञांनी त्यांना यंत्र हाताळायला शिकवले होते. त्या त्यांना ‘सर’ म्हणत, आणि पद मिळाल्यानंतरही तसेच म्हणत राहिल्या.

टिपणवहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य आहे: ‘सगळ्यांना वाटतंय मला येतं, मला माहीत आहे मला येत नाही.’ पॉलिन क्लान्स आणि सुझन आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये अशाच अनुभवाचे वर्णन केले आणि त्याला ‘इम्पोस्टर फिनॉमिनन’ हे नाव दिले. कर्तृत्व सिद्ध झालेल्या स्त्रियाही आपले यश नशिबाने किंवा इतरांच्या गैरसमजाने मिळाले असे मानतात आणि आपले बिंग केव्हा तरी फुटेल या भीतीत राहतात, असे त्यांना आढळले होते. पुढे हा अनुभव पुरुषांमध्येही तितकाच परिचित असल्याचे दिसून आले. मात्र या विभागप्रमुखांची शंका निव्वळ भ्रम नव्हती, हे मला स्पष्टपणे नोंदवावेसे वाटते. त्यांना बैठक घेण्याचा, खरेदीचा किंवा डॉक्टरांच्या तक्रारी हाताळण्याचा अनुभव खरोखरच नव्हता. ‘तुम्हाला सगळे येते, फक्त आत्मविश्वास बाळगा’ असे वरिष्ठ त्यांना वारंवार सांगत होते, आणि त्या सांगण्याने त्यांना काडीचाही आधार मिळत नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पहिला स्वतंत्र निर्णय घेतला. बाहेरच्या सहा संकलन केंद्रांतून येणाऱ्या नमुन्यांत रक्तशर्करा अपेक्षेपेक्षा कमी येते, अशा तक्रारी होत्या. कारण सर्वपरिचित होते. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, वेगळे न केलेल्या रक्तातील पेशी ग्लुकोज वापरत राहतात आणि सामान्य तापमानात ते तासाला साधारण पाच ते सात टक्क्यांनी घटते. केंद्रांवर सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या वेगाने फिरवून सीरम वेगळे करणारे यंत्र, नव्हते आणि त्याच्या खरेदीला वेळ लागणार होता. तोवरचा उपाय म्हणून वाहतुकीच्या पेट्यांत गोठवलेले जेल पॅक ठेवावेत, असा लेखी आदेश त्यांनी काढला. थंडीत पेशींची ग्लुकोजची खपत मंदावते, हे बरोबरच होते. तक्रारी थांबल्या. वैद्यकीय अधीक्षकांनी सर्वांसमोर कौतुक केले, आणि पहिल्यांदाच टिपणवहीत सलग तीन पाने शंकेविना लिहिली गेली.

समस्या

त्यानंतर पाच आठवड्यांनी, एका सोमवारी दुपारी, एका डॉक्टरांचा फोन आला. बाहेरच्या केंद्रावर रक्त दिलेल्या रुग्णाचे पोटॅशियम ६.१ मिलिमोल प्रति लिटर आले होते. प्रौढांत ते साधारणपणे ३.५ ते ५.१ च्या दरम्यान असते, आणि सहाच्या पुढचा आकडा हृदयाच्या ठोक्यांसाठी धोक्याचा मानला जातो. रुग्णाला रात्रभर दाखल करून घेतले गेले, मात्र ईसीजीत काहीही आढळले नाही आणि रुग्णालयात नव्याने घेतलेल्या रक्तात पोटॅशियम ४.३ होते. मंगळवारी दुसऱ्या डॉक्टरांकडून तशीच तक्रार आली.

विभागाने शिरस्त्याप्रमाणे तपासणी केली. दोन्ही पातळ्यांचे कंट्रोल, म्हणजे यंत्र तपासण्यासाठी वापरले जाणारे, उत्तर आधीच माहीत असलेले द्रव, मर्यादेत होते. रक्तपेशी फुटून पोटॅशियम बाहेर आले असते तर हिमोलिसिस इंडेक्स वाढला असता. तोही सामान्य होता. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीतले रक्त चुकून सीरमच्या नळीत मिसळले असते तर पोटॅशियम वाढण्याबरोबरच कॅल्शियम घसरले असते. कॅल्शियमही ठीक होते. ज्येष्ठ तंत्रज्ञांनी मत दिले, ‘एखाद-दुसरं सॅम्पल असं निघतंच, मॅडम. यंत्र बोलतंय ना नीट?’ त्यांचे मत निष्काळजीपणाचे नव्हते. लेव्ही आणि जेनिंग्स यांनी १९५० मध्ये कंट्रोलचे आलेख प्रयोगशाळांत आणले आणि वेस्टगार्ड यांनी १९८१ मध्ये ते वाचण्याचे नियम दिले, तेव्हापासून ‘कंट्रोल आत, तर अहवाल बाहेर’ याच शिस्तीवर प्रयोगशाळा चालत आल्या आहेत.

या शिस्तीची एक मर्यादा मात्र सहज नजरेआड होते. कंट्रोलचा द्रव प्रयोगशाळेतल्या फ्रीजमधून निघून थेट यंत्रात जातो. रुग्णाच्या दंडाला बांधलेली पट्टी, गाडीत चढलेली पेटी, वाटेत गेलेले तास, यांपैकी काहीही त्याच्या वाट्याला येत नाही. यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच नमुना बिघडला असेल, तर कंट्रोल त्याबद्दल काहीच सांगू शकत नाही. मारिओ प्लेबानी आणि पाओलो कारारो यांनी १९९७ मध्ये इटलीतील पादुआ येथील तातडीच्या प्रयोगशाळेतील चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांतील ६८.२ टक्के चुका चाचणीपूर्व टप्प्यातल्या निघाल्या होत्या. विभागप्रमुखांना हे पाठ होते. परीक्षेत त्यांनी यावर उत्तरही लिहिले होते.

हरवलेले दोन दिवस

मग दोन दिवस का गेले? या प्रश्नावर मी त्यांच्याशी सर्वांत जास्त बोललो, कारण या प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू येथेच आहे, आणि तो ठरवून नव्हे तर टळून गेला.

सोमवारी संध्याकाळीच त्यांना काहीतरी खटकले होते. वहीत नोंद आहे: ‘दोन्ही नमुने बाहेरचे?’ त्यापुढे प्रश्नचिन्ह, आणि त्याखाली: ‘की मीच घाबरते आहे म्हणून असं दिसतंय?’ मंगळवारी त्यांनी कंट्रोल पाच वेळा चालवले, इलेक्ट्रोडचे कॅलिब्रेशन पुन्हा केले, बुधवारी सकाळी ते सर्व पुन्हा केले. प्रत्येक वेळी यंत्र निर्दोष ठरले, आणि यंत्र निर्दोष ठरले की दोष आपल्या मनाचा आहे असा निष्कर्ष त्या काढत गेल्या. ज्या तपासणीतून उत्तर मिळणे शक्यच नव्हते ती त्या पुन्हापुन्हा करत होत्या. कारण तिच्यासाठी कोणाला काही सांगावे लागत नव्हते.

माझ्या मते येथे दोन वेगळ्या शंका एकमेकींत मिसळल्या होत्या. ‘मी या खुर्चीला योग्य आहे का?’ ही एक, आणि ‘हा आकडा खरा आहे का?’ ही दुसरी. पहिलीचे उत्तर त्या आठवड्यात मिळणार नव्हते आणि कोणाला त्याची गरजही नव्हती. दुसरी शंका मात्र विभागाची संपत्ती होती. तिच्यामागे सहा वर्षांच्या सरावाने घडलेली नजर होती. पहिल्या शंकेने दुसरीची साक्ष रद्दबातल ठरवली. आत्मशंकेमुळे माणूस निर्णय घ्यायला कचरतो, हे सगळेच सांगतात. या प्रकरणात मला दिसले ते त्याहून अधिक घातक होते: आत्मशंकेमुळे माणूस स्वतःच्या निरीक्षणालाच लक्षण समजू लागतो.

बुधवारी संध्याकाळी, सर्व जण गेल्यानंतर, त्यांनी अखेर महिन्याभराचे निकाल संगणकातून काढले आणि रुग्णालयातील वॉर्ड व बाहेरची केंद्रे असे वेगळे केले. वॉर्डांतल्या रुग्णांचा मध्यांक ४.२ होता, केंद्रांतल्यांचा ४.८. जेल पॅक सुरू होण्यापूर्वीच्या महिन्यात दोन्हींचा मध्यांक जवळपास सारखाच होता. त्या रात्रीची नोंद एका ओळीची आहे: ‘माझाच आदेश.’

थंडीत असे का घडते, हे त्यांना लगेच उमगले. पेशींच्या आवरणातील सोडियम-पोटॅशियम पंप पोटॅशियमला आत ओढून ठेवतो; थंडीने तो मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू सीरममध्ये झिरपते. पेशी फुटत नाहीत, त्यामुळे सीरम लालसर होत नाही आणि हिमोलिसिस इंडेक्स काहीच दाखवत नाही. ग्लुकोज वाचवणारी थंडीच पोटॅशियम बिघडवत होती.

समोर असलेले पर्याय

तरीही हे सिद्ध झालेले नव्हते. त्याच काळात नळ्यांचा नवा लॉट आला होता, आणि दोन केंद्रांवर रक्त घेणारे कर्मचारी बदलले होते. रक्त घेताना रुग्णाला मूठ वारंवार आवळायला सांगितली तरी पोटॅशियम वाढते. बर्फ हे सर्वांत संभाव्य कारण होते, एकमेव नव्हते. गुरुवारी सकाळी नऊ वाजता केंद्रांचे पुढचे नमुने निघणार होते, सुमारे नव्वद.

पुरावा मिळेपर्यंत अहवाल देत राहणे, हा पहिला पर्याय होता. त्यात विभागाची अब्रू तूर्त शाबूत राहिली असती. वरच्या बाजूचा धोका सर्वांना दिसत होता: खोट्या उंच आकड्यावर इन्सुलिन-ग्लुकोजसारखे पोटॅशियम उतरवणारे उपचार सुरू झाले, तर प्रत्यक्षात सामान्य असलेले पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. खालच्या बाजूचा धोका कोणीच बोलून दाखवला नव्हता. लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्या ज्या रुग्णाचे पोटॅशियम खरोखर २.९ आहे, त्याच्या अहवालावर ३.५ छापले जाईल आणि डॉक्टर निर्धास्त होतील. अशा रुग्णाची तक्रार फोनवरून येत नाही, कारण काही चुकले आहे हे कोणालाच कळत नाही. विभागप्रमुखांच्या वहीत या वाक्याखाली दोन रेघा आहेत.

सर्व पोटॅशियम अहवाल थांबवणे हा दुसरा टोकाचा पर्याय होता. त्याने अतिदक्षता विभागासह संपूर्ण रुग्णालयाची, तीही दोष नसलेल्या नमुन्यांची, अडचण झाली असती. बर्फ ताबडतोब काढून टाकावा, तर ग्लुकोजचा जुना प्रश्न परत येणार होता आणि वाढीचे कारण खरोखर बर्फच होते की नाही हेही त्यातून लगेच कळणार नव्हते. अहवालावर ‘निकाल वाहतुकीमुळे प्रभावित असू शकतो’ अशी टीप छापण्याचाही विचार झाला. मला हा पर्याय सर्वांत मोहात पाडणारा आणि सर्वांत वाईट वाटतो. त्यात प्रयोगशाळा आपली अनिश्चितता डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून मोकळी होते, आणि ज्याच्याकडे ती दूर करण्याचे कोणतेही साधन नाही त्याला निर्णय घ्यावा लागतो.

त्यांनी निवडलेला मार्ग मधला होता: केवळ बाहेरच्या केंद्रांचे, केवळ पोटॅशियमचे अहवाल शुक्रवार संध्याकाळपर्यंत रोखायचे, तातडी असलेल्या रुग्णांचे रक्त रुग्णालयात नव्याने घ्यायचे, आणि दरम्यान बर्फाची प्रत्यक्ष चाचणी करायची.

गुरुवारची बैठक

दुसरा निर्णयबिंदू होता, हे सांगायचे कसे. रात्री त्यांनी एक मसुदा तयार केला होता, ज्यात ‘असे सिद्ध झाले आहे की’ अशी वाक्ये होती. प्रमुखाने ठाम असावे, डळमळीत बोलले तर माणसे ऐकत नाहीत, असे त्यांनी कुठे कुठे ऐकले होते. सकाळी तो कागद त्यांनी बाजूला ठेवला. त्यामागे मोठे धैर्य वगैरे नव्हते, असे त्यांनीच मला सांगितले. ज्येष्ठ तंत्रज्ञ दुसऱ्याच मिनिटाला ‘सिद्ध कसे झाले?’ असे विचारतील आणि उत्तर देता येणार नाही, ही भीती होती.

उपस्थितांपैकी तिघांच्या सांगण्यावरून त्यांचे बोलणे साधारण असे होते: ‘मला पूर्ण खात्री नाही. बाहेरच्या सॅम्पल्सचं पोटॅशियम वर सरकलंय, ते जेल पॅक सुरू झाल्यापासून सरकलंय, आणि आपले कंट्रोल हे पकडू शकत नाहीत, एवढं माहीत आहे. बर्फामुळेच होतंय का, आणि किती रुग्णांना त्रास झालाय, हे माहीत नाही. जेल पॅकचा आदेश माझा होता. उद्या संध्याकाळपर्यंत बाहेरचं पोटॅशियम आपण रोखतोय. हा निर्णय मी घेतलाय आणि डॉक्टरांना फोन मी करणार आहे. यात मला काय दिसत नाहीये, ते आत्ता सांगा.’

माहितीबाबत संदिग्धता उघड, आणि कृतीबाबत कोणतीही संदिग्धता नाही, अशी या बोलण्याची रचना आहे. त्यांनी ती योजून केलेली नव्हती, परंतु परिणाम तिचाच झाला. काय करायचे आहे याबद्दल कोणाच्याही मनात गोंधळ राहिला नाही, आणि माहितीतल्या मोकळ्या जागा दिसत असल्यामुळे इतरांना त्या भराव्याशा वाटल्या.

ज्येष्ठ तंत्रज्ञांनी विरोध केला, आणि त्यांचा मुद्दा वजनदार होता: ‘कंट्रोल आत असताना रिपोर्ट अडवला, तर उद्यापासून कंट्रोलला अर्थ काय राहिला? प्रत्येक जण आपल्या मनाप्रमाणे रिपोर्ट अडवेल.’ विभागप्रमुखांनी वाद घातला नाही. त्यांनी विचारले, ‘सर, तुम्ही माझ्या जागी असतात तर आधी काय तपासलं असतं?’ थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘एकाच माणसाच्या दोन नळ्या घेतल्या असत्या. एक बर्फात, एक बाहेर.’ हीच चाचणी विभागप्रमुखांच्याही मनात होती. त्यांनी ती सरांच्या हाती सोपवली. ही केवळ समजूत घालण्याची युक्ती होती का, असे मी नंतर दोघांनाही विचारले. ते म्हणाले, युक्ती असती तर मला कळली असती. त्या म्हणाल्या, त्यांच्यापेक्षा काटेकोरपणे ती चाचणी कोणी केलीच नसती.

त्यानंतर सर्वांत कनिष्ठ तंत्रज्ञ मुलगी बोलली. आदेशात नमुने दोन तासांत पोहोचतील असे गृहीत धरलेले होते. प्रत्यक्षात गाडी सकाळच्या फेरीनंतर दोन केंद्रांवर थांबून दुपारच्या नळ्या घेऊनच परते, आणि काही नमुने पाच-सहा तास बर्फात असत. नळ्या उतरवून घेण्याचे काम तिचे होते आणि हे तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होते. ‘मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल,’ एवढेच तिचे स्पष्टीकरण होते. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील औषधे देण्यातल्या चुकांवर केलेला आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे आठवतो. चांगल्या गटांत चुका कमी आढळतील, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तेथे नोंदलेल्या चुका अधिक निघाल्या. त्या गटांत चुकांविषयी बोलणे अधिक सुरक्षित होते, हे त्याचे संभाव्य स्पष्टीकरण त्यांना दिसले. या विभागात ते मुलीच्या ओठांवर यायला पाच आठवडे लागले, आणि प्रमुखांनी ‘मला माहीत नाही’ म्हटल्यानंतर पाच मिनिटे.

केलेली कार्यवाही

बैठक संपताच केंद्रांना कळवले गेले आणि विभागप्रमुखांनी स्वतः डॉक्टरांना फोन केले. विभागातील व शेजारच्या विभागांतील बारा जणांनी प्रत्येकी दोन नळ्या रक्त दिले. एक नळी जेल पॅकसह पेटीत, दुसरी खोलीच्या तापमानाला, पाच तास. संध्याकाळी निकाल आला: बाहेर ठेवलेल्या नळ्यांत फरक नगण्य होता, बर्फातल्यांत सरासरी ०.६ ची वाढ होती, आणि ती बाराही जणांत होती. शुक्रवारी हीच चाचणी प्रत्यक्ष गाडीच्या फेरीतून केली. निकाल बदलला नाही. दोन्ही दिवस नळ्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही लॉटमधल्या होत्या, त्यामुळे तोही संशय मिटला.

पुढचे काम सर्वांत जिकिरीचे होते. पाच आठवड्यांतले सुमारे २,७०० अहवाल पुन्हा पाहावे लागले. उंच आकड्यांबरोबरच ३.५ ते ४.१ दरम्यानचे, म्हणजे वरवर अगदी निर्दोष दिसणारे अहवाल वेगळे काढण्याचा आग्रह विभागप्रमुखांनी धरला. डॉक्टरांशी बोलून ज्यांना धोका अधिक होता अशा ६४ जणांना पुन्हा रक्त देण्यास बोलावले. त्यांपैकी दोघांचे पोटॅशियम खरोखर कमी निघाले आणि उपचार सुरू झाले.

जेल पॅक बंद झाले. ग्लुकोजसाठी फ्लोराइडच्या (पेशींची ग्लुकोजची खपत रोखणाऱ्या रसायनाच्या) वेगळ्या नळ्या सुरू झाल्या, दोन मोठ्या केंद्रांवर सेंट्रिफ्यूज बसले, गाडीची फेरी तोडून दोन केल्या गेल्या. शिवाय रुग्णांच्याच निकालांचा मध्यांक केंद्रनिहाय रोज काढण्याची पद्धत सुरू झाली. रुग्णांच्या सामान्य निकालांच्या सरासरीवर लक्ष ठेवण्याची कल्पना हॉफमन आणि वेड यांनी १९६५ मध्येच मांडली होती. विभागातल्या संगणकात ती सोय पहिल्यापासून होती आणि कोणी वापरलेली नव्हती.

परिणाम

ज्ञात माहितीनुसार कोणालाही कायमची इजा झाली नाही. रात्रभर दाखल झालेल्या त्या रुग्णाला विनाकारण झालेला मनस्ताप मात्र परत घेता येण्यासारखा नाही, आणि अहवालात तो ‘किरकोळ’ या सदरात नोंदवला गेला होता तो बदलावा, असे मी सुचवले. एक डॉक्टर अद्याप या प्रयोगशाळेकडे नमुने पाठवत नाहीत.

व्यवस्थापनाच्या चौकशीत विभागप्रमुखांनी मूळ कारण म्हणून स्वतःच्या आदेशाचा क्रमांक आणि दिनांक लिहून दिला. त्यांच्या जागी दुसरे कोणी नेमावे का, याची चर्चा झाली. नेमले गेले नाही. ज्येष्ठ तंत्रज्ञ काही आठवडे कामापुरतेच बोलत राहिले. कनिष्ठ मुलीला बैठकीत बोलते केल्याबद्दल दोन सहकारी नाराज होते, कारण त्यांच्याही डोळ्यांसमोर तीच पेटी रोज उघडत होती.

विभागप्रमुखांची आत्मशंका गेलेली नाही. सहा महिन्यांनंतरच्या नोंदींतही ती आहे, काही ठिकाणी पहिल्याइतकीच तीव्र. बदल एवढाच की ‘मी’पासून सुरू होणाऱ्या शंका आता पानाच्या डावीकडे आणि ‘नमुना’, ‘यंत्र’, ‘आकडा’ यांपासून सुरू होणाऱ्या उजवीकडे लिहिल्या जातात, आणि उजवीकडची प्रत्येक नोंद त्याच दिवशी कोणाला तरी सांगितली जाते.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी चूक घबराटीच्या त्या दोन दिवसांतली नव्हती. ती तिसऱ्या आठवड्यातल्या निर्धास्तपणात होती. जेल पॅकचा आदेश काढताना ‘याने ग्लुकोज वाचेल का?’ हा प्रश्न विचारला गेला, ‘याने काय बिघडेल?’ हा विचारला गेला नाही. बारा जणांची तीच दोन नळ्यांची चाचणी आदेशाआधी झाली असती, तर हे प्रकरण उद्भवलेच नसते. पहिला निर्णय वाहवा मिळवून देणारा होता आणि तो घेण्याची घाई होती, कारण काहीतरी करून दाखवायचे होते. आत्मशंकेने ग्रासलेला माणूस दर वेळी थांबून राहतो असे नाही. कधी कधी तो स्वतःला सिद्ध करण्यासाठी लवकर उडी घेतो, आणि ही बाजू दुर्लक्षित राहते.

आधीचे प्रमुख फोनवर उपलब्ध होते. सोमवारी संध्याकाळी एक फोन केला असता, तर ‘निकाल केंद्रनिहाय काढून बघ’ एवढे ते नक्कीच म्हणाले असते. ‘चार आठवड्यांत विचारायची वेळ आली असं त्यांना वाटलं असतं,’ हे फोन न करण्याचे कारण विभागप्रमुखांनी मला सांगितले. प्रत्यक्षात आठ आठवडे झाले होते. येथे दोष एकट्या व्यक्तीचा नाही. चार दिवसांत पदभार सोपवणाऱ्या संस्थेने, पुढच्या तीन महिन्यांत जुन्या प्रमुखांशी आठवड्यातून एकदा बोलणे हा कामाचाच भाग ठरवून द्यायला हवा होता. मग विचारणे ही कबुली ठरली नसती.

‘हा निर्णय मी घेतलाय आणि फोन मी करणार आहे’ या वाक्याबद्दलही माझे मत पूर्ण अनुकूल नाही. त्याने बैठकीतला ताण उतरला हे खरे, परंतु पुढच्या दहा दिवसांत सर्व अवघड फोन त्यांच्या एकट्यावरच पडले, त्या थकल्या, आणि पुनर्तपासणीच्या यादीतले सात जण दोन दिवस उशिरा कळवले गेले. जबाबदारी घेणे आणि काम वाटून न देणे, यांत त्या वेळी गल्लत झाली.

अहवाल कोणत्या आकड्याला रोखायचे, हे आधी लिहिलेले असते तर गुरुवारी कोणाच्या धैर्याची गरजच पडली नसती. ज्येष्ठ तंत्रज्ञांचा आक्षेप या बाबतीत शेवटपर्यंत खरा होता, आणि नवा नियम त्यांनीच लिहिला: कोणत्याही केंद्राच्या पोटॅशियमचा मध्यांक वॉर्डांच्या मध्यांकापासून सलग दोन दिवस ०.३ पेक्षा अधिक दूर गेला, तर त्या केंद्राचे अहवाल रोखायचे, कंट्रोल काहीही म्हणोत. गुरुवारी अहवाल चाचणीआधी, एक दिवस लवकर रोखले गेले, असे त्यांना आजही वाटते. विभागप्रमुखांना वाटते, तीन दिवस उशीर झाला. नियमाच्या कागदाखाली दोघांच्याही सह्या आहेत.